कुत्र्याचं नाव

लाल बाटली दोरीच्या टोकाला पाण्यावर हलत होती, आणि तिचं झाकण कसं उघडायचं ते ऐल्साला आठवत नव्हतं... बोटं कुणा दुसऱ्याचीच असावीत तशी. होडीला हात लावायचा नाही – लावला की पोहणं बाद – एवढं मात्र पक्कं आठवत होतं. होडीत गॉर्डन, तिचा नवरा, वल्हं मांडीवर आडवं धरून बसला होता. दोरीचं दुसरं टोक त्याच्या मुठीत. तिनं दातांनी झाकण ओढलं. कोमट सरबत अर्धं तोंडात गेलं, अर्धं लॉखमध्ये, त्या लांबलचक तळ्यात.

"बाईसाहेब, लॉख पिऊन नाही, पोहून संपवायचंय," तो म्हणाला.

ती पुन्हा पालथी झाली. खाली तपकिरी अंधार. हात, श्वास, हात... मंगळवारी गॉर्डनच्या स्कॅनचा रिपोर्ट. आज ती पलीकडच्या धक्क्याला लागणार म्हणून अख्ख्या गावानं कॅन्सरच्या संस्थेला देणग्या दिल्या होत्या, आणि बेकरीत, चर्चच्या दारात जो तो म्हणायचा, काय धीराची आहेस गं. धीर कुठला! ती घाबरलेली होती, त्याच्या आजाराच्या पहिल्या वर्षापासून घाबरलेली. पहिल्या वर्षी सायकलवरून सगळा किनारा पालथा घातला – रिपोर्ट स्वच्छ. पुढच्या वर्षी मुरगळल्या पायानं मॅरेथॉन – स्वच्छ. मग ती डोंगरावरची शर्यत... धुकं उतरलं आणि ती अर्ध्यातून परतली, तंबूत गरम सूप प्यायली, कुणाच्या तरी विनोदाला हसलीसुद्धा, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर पेन टेकवलं. तो ठिपका मी आणला... मी, ते सूप पिऊन. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गॉर्डनला तर नाहीच. तो पूल बांधणारा इंजिनियर, लोक टाळतात म्हणून मुद्दाम शिडीखालून चालणारा. खो खो हसला असता.

थंडी वाजायची थांबली होती. हे लक्षण वाईट, हे तिला ठाऊक होतं, आणि तरी छान वाटत होतं, दुपारी सोफ्यावर डोळा लागावा तसं...

बचाव पथकाची मोटरबोट जवळ आली. तिच्यातल्या दाढीवाल्यानं गॉर्डनला सांगितलं की बाईंचे हात वेडेवाकडे पडताहेत, त्यांना काहीतरी साधं विचारा. उत्तर चुकलं तर आम्ही उचलणार.

"ऐल्सा, आपल्या कुत्र्याचं नाव काय?"

"ब्रॅकन," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

"बरोबर?" दाढीवाल्यानं विचारलं.

गॉर्डननं मान वळवून पलीकडच्या धक्क्याच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर. ठीक आहे ती. जाऊ द्या तिला."

मोटरबोट मागे सरली. ऐल्सानं हात टाकला, पुन्हा टाकला... ब्रॅकन. ब्रॅकनला तर गेल्या हिवाळ्यात सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा गॉर्डननंच खणला, आणि कितीतरी वेळ आत आला नाही. आता घरी दाराशी वाट बघत बसलेला कुत्रा तो मॉस. मॉस... मग हा बरोबर का म्हणाला?

श्वास घ्यायला मान वळवली तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. तो तिच्याकडे बघत नव्हता. पलीकडच्या धक्क्याकडे डोळे लावून बसला होता, ओठ हलत होते, आणि मुठीतली दोरी त्यानं इतकी घट्ट आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. दवाखान्याच्या बाकावर ती अशीच बसायची.

म्हणजे यालाही तेच वाटत होतं – ती धक्क्याला लागली तरच रिपोर्ट स्वच्छ. त्या धुक्याचं, त्या सुपाचं सगळं याला ठाऊक होतं, आणि रात्री शेजारी पडून हाही तोच हिशेब घालत होता... याला कळावं, यानं वेड्यात काढावं आणि चल घरी म्हणावं, याचसाठी तर ती इतकी वर्षं मनातून झुरली होती. आता त्याला कळलं होतं. आणि तिला बाहेर ये म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"मॉस," ती पाण्यात म्हणाली. तोंडात पाणी गेलं. वल्ह्याचा आवाज तिच्या शेजारून संथ चालला होता, आणि पाण्यातून तिला धक्का अजून दिसत नव्हता.