मेव्हण्याला मिळालेली खुर्ची

आष्टीकडची गावं निजामाची. सीना नदी ओलांडली की इंग्रजांचं राज्य. अलीकडच्या गावचे पाटील गहिनीनाथ, पलीकडचे मोहनराव. गहिनीनाथांची बायको मुक्ताबाई ही मोहनरावांची धाकटी बहीण.

त्या उन्हाळ्यात नदी आटली. एका डोहात तेवढं पाणी उरलं आणि त्यावरून दोन्हीकडच्या गुराख्यांच्या काठ्या चालू लागल्या. शेवटी निजामाचे तालुकदार आणि नगरचा गोरा साहेब तोड काढायला डोहाकाठी मांडवात बसले.

गोऱ्या साहेबानं मोहनरावांना शेजारी खुर्ची दिली. तालुकदारांनी गहिनीनाथांना जाजम दाखवलं.

गहिनीनाथ बसले, पण त्यांची नजर खुर्चीवरून हलेना. आपल्या ओसरीवर मांडी घालून भाकरी खाणारा हा माणूस, आणि साहेब त्याच्याकडं वाकून विचारतोय!

मोहनराव बोलायला उठले. ते लहानपणापासून अडखळत बोलत.

"प-पाणी दोघांचं हाय. स-सकाळी तुमी न्या, दु-दुपारी आमी."

गहिनीनाथांना हे मनातून पटलं होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"क-क-कळलं, मो-मो-मोहनराव! इंग्रजांना दुसरा पाटील गावला न्हाई व्हय? ह्याचं बोलनं संपस्तवर डोह आटल की!"

तालुकदार मोठ्यानं हसले. दुभाष्यानं अर्थ सांगताच गोरा साहेब लाल झाला. "माझ्या माणसाला हसता म्हणजे मला हसता," तो म्हणाला, आणि तालुकदारांच्या पोटाकडं बोट करून त्यानं विचारलं, "एवढं पोट असलेल्याला लोकांची तहान काय कळणार?" तालुकदारांनी त्याला उकडलेलं रताळं म्हटलं. मग दोघंही तणतणत घोड्यांवर बसले.

दुसऱ्या दिवशी डोहावर दोन्ही सरकारांचे शिपाई उभे राहिले. पाणी सगळ्यांनाच बंद.

"पोरं दादाला चिडवायची तवा मी दगड घेऊन धावायची," मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाली. "आता कुनावर धावू?"

"त्याला खुर्ची का म्हून दिली?"

"त्यानं मागितली व्हती का?"

गहिनीनाथ उठून ओसरीवर गेले.

पुढं धनगर हरिबाची कोकरं तहानेनं मेली आणि तो पाटलांच्या दारात येऊन रडला. मुक्ताबाई म्हणाली, "चला, दादाकडं जाऊ. दोन शब्द नरमाईचे बोला."

"त्याच्या दारात मी न्हाई जायचा."

मग डोक्यावर पदर घेऊन ती एकटीच हरिबासोबत निघाली.

मोहनरावांनी बहिणीला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि घोडं काढलं. आधी गोऱ्या साहेबाकडं गेले, मग आष्टीला तालुकदारांकडं. चूक त्यांची नव्हती, तरी दोन्हीकडं त्यांनीच माफी मागितली. शिपाई उठले. सकाळी अलीकडची जनावरं, दुपारी पलीकडची, असं ठरलं.

गावात मोहनरावांचं नाव निघू लागलं. "तुमचे मेव्हने लई दिलाचे, पाटील," असं हरिबा कौतुकानं सांगे आणि गहिनीनाथ मान फिरवत. डोहासमोरून ते आपले बैल लांबच्या, तळ गाठलेल्या विहिरीवर पाठवत. बैल खंगले, तरी त्यांचा हट्ट सुटेना.

एका सकाळी मुक्ताबाईनं काही न बोलता दावी सोडली आणि बैल डोहाकडं हाकले. गहिनीनाथ ओसरीवरून बघत राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही, आणि ते सोबतही गेले नाहीत.