मास्तरांनी शिवलेला बाक

मी बाक बोलतोय. बागेतला, लाकडी, दोघांनी बसायचा. आज हे ठणकावून सांगतोय, पण जन्मल्यावर बरेच दिवस माझी समजूत होती की मी कोट आहे. हसू नका. घडवणारा आपल्याला जसं वागवतो, तसंच आपण स्वतःला समजायला लागतो. माणसांचंही हेच होतं, मी पाहिलंय.

माझे जन्मदाते म्हणजे टेलरमास्तर. सगळी गल्ली त्यांना नुसतं मास्तर म्हणते. उभ्या आयुष्यात त्यांनी कपडे शिवले, आणि एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या हातचा एकही कपडा अंगाला बसत नाही म्हणून परत आला नाही. माणूस समोर आला की ह्यांना आधी खांदा, छाती, कंबर दिसायची, चेहरा सगळ्यात शेवटी. लोकांची नावं विसरायचे, मापं कधी नाही. "अगं, तो नाही का, डावा खांदा उतरता, पोट चाळीस," असं म्हटलं की त्यांच्या बायकोला बरोबर कळायचं, कोण ते. ह्या त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो.

बाक व्हायच्या आधी मी मास्तरांच्या दुकानातलं टेबल होतो. कापड बेतायचं, लांबरुंद, सागाचं. माझ्यावर किती लग्नांचे कपडे कापले गेले! पुढे मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना, तसं दुकान बंद झालं आणि मी घरी आलो. घराच्या दारातून मी आत जाईना. आडवा धरला, तिरका धरला, शेवटी लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून पडलो.

रिकामा माणूस घरात असला की घराचं काय होतं, ते मी ताडपत्रीच्या भोकातून पाहिलं. म्हणजे मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही हो, पण खिडकीसमोरच ठेवलं तर बघणार कुठं? आधी काही दिवस मास्तर खुर्चीत बसून नुसते भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी पडद्यांना खिसे लावले. उशांच्या अभ्र्यांना कॉलर केली. दारातलं पायपुसणं उसवून पुन्हा शिवलं, का, तर टाका मोठा होता. बाईंनी बरेच दिवस सोसलं. मग एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, घरात आता शिवायचं फक्त मांजर राहिलंय, आणि ते पण कपाटावर जाऊन बसलंय. दुसरं काहीतरी बघा. आणि ते टेबल हलवा बागेतून. नाहीतर मी जाते माहेरी."

त्याच दिवशी मास्तरांना फोनवर एक दाढीवाला दिसला. तो हसतखेळत, शिट्टी वाजवत, दुपारभरात बागेसाठी बाक बनवत होता. मास्तरांनी ते तीनदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे पाय तेव्हा शाबूत होते म्हणून म्हणतो.

आता सुतार असता तर त्यानं मला कापलं असतं, ठोकलं असतं आणि मोकळा झाला असता. मास्तरांनी मला शिवायला घेतलं. खडूनं माझ्यावर खुणा केल्या. तुकडे पाडून आधी सगळे सुतळीनं बांधले. "आधी कच्चं, मग पक्कं," म्हणाले. मग घरातला उभा आरसा बागेत आणला, मला त्याच्यासमोर उभं केलं आणि चार पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून म्हणाले, "पाठीत झोळ येतोय."

कुंपणापलीकडे एक खराखुरा सुतार राहतो. त्याची तर करमणूकच झाली. रोज कामावर जाण्याआधी कुंपणावर कोपर टेकून उभा.

"मास्तर, स्क्रू वापरणार की खिळे?"

"हं हं," मास्तर म्हणाले. तोंडात खिळे धरले होते, टाचण्या धरतात तसे.

"पॉलिश कुठलं मारणार?"

"हं."

"आणि हे पाठीवर बटण कशाला?"

मास्तरांनी खिळे हातावर काढले. "ओकं दिसत होतं."

रंधा नव्हता, म्हणून त्यांनी मला इस्त्री केली. लाकडाची सुरकुती इस्त्रीनं जात नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं. माझ्या पाठीवर तो त्रिकोणी डाग अजून आहे. बैठकीखाली त्यांनी चांगल्या सुटिंगचं अस्तर चिकटवलं. खाली वाकून ते कोण बघणार, असं सुतारानं विचारलं तेव्हा म्हणाले, "आतली बाजू उघडी ठेवणारा कारागीर नव्हे." उजव्या अंगाला खिसाही दिला, चष्मा ठेवायला. आता तुम्हीच सांगा, अस्तर आहे, खिसा आहे, बटण आहे, इस्त्री झालीय. मी स्वतःला कोट समजलो तर माझं काय चुकलं?

दाढीवाल्याच्या बाकाला तीन हात होते, दोन कडेला आणि एक मधे. मास्तर त्यांना बाह्या म्हणायचे. मधली बाही आली की जागा दोन, आणि जागा दोन म्हणजे मापं दोन. स्वतःचं माप त्यांनी आरशासमोर उभं राहून टेपनं घेतलं. सुतार म्हणाला, "आणि वहिनींचं?"

"तिचं काय घ्यायचं? लग्नातले कपडे मीच शिवलेत तिचे. तोंडपाठ आहे."

मी हे ऐकलं, आणि नेमक्या त्याच वेळी बाई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. मला दिसलं ते मास्तरांना कसं दिसलं नाही? सगळ्या गल्लीच्या कंबरा ओळखणारा माणूस, बायकोकडे बघताना मात्र लग्नातलीच बघत होता. मी ओरडून सांगणार होतो, पण माझ्यावर तेव्हा खिळा ठोकत होते.

मी तयार झालो त्या दुपारी बाईंची धाकटी बहीण चहाला येणार होती. धाकटीकडे सगळं दुकानातून आणलेलं असतं आणि ती ते सांगतेही. बाई म्हणाल्या, "आज चहा बागेत. बघू दे तिला." मास्तर शर्ट बदलायला आत गेले. बाईंनी मला फडक्यानं पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपल्या जागेवर बसल्या.

बसल्या म्हणजे, आधी अर्ध्यावर थांबल्या. मग "अगंबाई" म्हणाल्या. मग जोर केला आणि एकदम खाली आल्या. कडेची बाही आणि मधली बाही, दोन्हींनी त्यांना कंबरेत असं धरलं की मलाच लाज वाटली. त्या उठायला गेल्या, तर मीही उठलो. परत बसल्या. मीही बसलो.

"ए, सोड," बाई मला म्हणाल्या. माणसानं थेट माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. सोडणं माझ्या हातात असतं तर सोडलं नसतं का?

मग कुजबुजत स्वतःशीच म्हणाल्या, "ह्यांना कळता कामा नये. जन्मात एक माप चुकलं, आणि तेही माझं. टेप फेकूनच देतील. मग पुन्हा त्या खुर्चीत बसून नुसते भिंतीकडे बघत राहतील."

तेवढ्यात मास्तर आले. टेलर जे गिऱ्हाइकाला विचारतो तेच विचारलं, "कसं बसलंय?"

"अगदी अंगावर बेतल्यासारखं," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते.

धाकटी आली ती फाटकातूनच बोलत. "काय गं ताई, बहीण आली तर उठून पुढं येत नाहीस?"

"तूच ये की. तुला पाय नाहीत का?"

"भाऊजी, बघा हिचं. बाक काय मिळाला, राणीसाहेब झाली."

बाईंनी चहाची जबाबदारी मास्तरांवर सोपवली. मास्तरांनी आयुष्यात चहा प्यायला होता, केला नव्हता. खिडकीतून हाका सुरू झाल्या. "अगं, साखर कुठं?"

"कपाटात! छातीच्या उंचीला!"

"चहापत्ती?"

"त्याच्याखाली, कंबरेला! गाळणं गुडघ्याला!"

अशा मापात सांगितल्यावर मास्तरांना सगळं झटकन सापडलं. चहा मात्र पाण्यासारखा झाला. धाकटीनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "ताई, खिसेवाले पडदे दाखव ना. सगळी गल्ली बोलतेय."

"आत जा, दिसतील."

"तू चल."

"मी बसलेय ना?"

"बरं, मग ऊठ, मला बसू दे तिथं. तुझी जागा सावलीत आहे."

"नाही."

"ताई!"

"माझा बाक आहे. नाही उठणार."

धाकटीचं तोंड असं फुगलं की आता रडते की काय. लहानपणी हिनं झोपाळ्यावरही कधी बसू दिलं नाही, हे तिनं मास्तरांना सविस्तर सांगितलं. मग रागानं मास्तरांच्या जागेवर बसली, आणि बसल्यावर हळूहळू तिचा आवाज खाली आला. पाठ टेकली. पाय लांब केले. माझी बैठक आहेच तशी, उगाच नम्रपणा कशाला? "भाऊजी," ती म्हणाली, "मलाही एक करून द्या."

दुकान बंद झाल्यापासून मास्तरांकडे आलेली ही पहिली ऑर्डर. पण मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते "बघू, बघू" म्हणाले आणि बाईंच्या कोपरांकडे बघत राहिले.

धाकटी गेली. बाई तिला पोचवायला फाटकापर्यंत गेल्या नाहीत, तेव्हा कुंपणावर सुताराचं डोकं उगवलं. "वहिनी, अडकलात की काय? करवत आणू?"

"कोण अडकलंय?" बाई आणि मास्तर एका सुरात ओरडले. सुताराचं डोकं ठोकलेल्या खिळ्यासारखं खाली गेलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांना केव्हाच कळलं होतं! रस्त्यानं जाणाऱ्याची कंबर ओळखणारा माणूस तो. ते माझ्या मागं आले, माझी पाठ पुसण्याचं निमित्त केलं आणि माझ्याच कानाशी पुटपुटले, "आता कसं सांगू हिला? बोललो तर म्हणेल, मला जाड म्हणता."

म्हणजे बघा. ही बोलत नाही, कारण त्यांना लागेल. ते बोलत नाहीत, कारण हिला लागेल. आणि दोघांच्या मधे कळ कोणाच्या बाह्यांना? माझ्या.

ऊन उतरलं. मास्तरांनी शाल आणून दिली. "आत येतेस का?"

"इथंच बरं वाटतंय. हवा आहे."

मास्तर शेजारच्या जागेवर बसले. पाखरं झाडावर आली, भांडली, झोपली. मांजरही कपाटावरून उतरून दारात येऊन बसलं, इतकी शांतता. मग मास्तर उठले, घरात गेले आणि गळ्यात टेप घालून आले.

"ह्याच्यावर गादी शिवावी म्हणतो. माप देतेस?"

"बाकाचं घ्या की."

"बाकाचं झालंय. बसणाऱ्याचंही लागतं."

मास्तरांनी टेप सरळ केली, वाकले आणि बाईंच्या पाठीमागून फिरवून पुढं आणली. आता टेप कंबरेला लागली की जगातला कुठलाही माणूस काय करतो? राजा असो नाहीतर रखवालदार, पोट आत घेतो. दुकानात मी हे हजारदा पाहिलंय. बाईंनीही घेतलं. मान ताठ, श्वास वर, पोट पार पाठीला. मास्तरांनी टेप अलगद वर उचलली, आणि बाटलीचं बूच उडावं तसा आवाज होऊन बाई उभ्या राहिल्या. मी मागच्या मागं कलंडता कलंडता वाचलो.

दोघं तसेच उभे. टेप अजून तिच्या भोवती, टोकं त्यांच्या हातात.

"किती भरलं?" बाईंनी विचारलं. श्वास अजून सोडला नव्हता.

मास्तरांनी टेपकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. "तेवढंच. लग्नात होतं तेवढंच."

"मग हे असं कसं झालं?"

"लाकूड आटलं."

बाईंनी श्वास सोडला. माझ्याकडे वळून बघितलं. "मला वाटलंच. मेलं लाकूडच हलकं. तुम्ही तरी काय करणार?"

मी हलका! अहो, साग आहे मी. इतकी वर्षं कात्रीचे घाव आणि इस्त्रीची धग सोसली, एका दोऱ्याएवढाही कधी आटलो नाही. पण मास्तरांचा चेहरा पाहिला, बाईंचा पाहिला, आणि गप्प बसलो. संसारात आळ घ्यायला कुणीतरी तिसरं लागतं, आणि बागेत दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मधली बाही उसवली. त्यांचाच शब्द. आता माझ्यावर एकच लांब जागा आहे. संध्याकाळी दोघं येऊन बसतात. बाई ऐसपैस बसतात, मास्तर कडेच्या बाहीला चेपून. धाकटीचा बाकही सुरू झालाय. ह्या खेपेला मास्तरांनी तिला टेप लावून मोजलं, तर म्हणाली, "माझं कशाला? ताईचं घ्या ना, सारखंच आहे." मास्तर खोकले.

सुतार मधूनमधून येतो, माझ्यावर बोटानं टकटक करतो आणि मान हलवतो. "वहिनी, हे लाकूड आटणारं नव्हे."

"राहू द्या," बाई म्हणतात. "तुम्हाला काय कळतंय लाकडातलं!"

तो बिचारा माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे बघतो. खरं काय ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कधी इकडून जाताना पाय दुखले तर खुशाल आत या, बसा, खिशात चष्मा ठेवा, अस्तर बघायला वाकलात तरी चालेल. पण बाईंनी चहा आणून विचारलंच, की हा बाक आटल्यासारखा वाटतो ना, तर बिनदिक्कत हो म्हणा. माझी काळजी करू नका. मला सवय झालीय.