पाचोऱ्याचं खापर, विनिपेगचं दार

माझा आवाज जरा पोकळ येईल. त्याला इलाज नाही, मी आतून रिकामाच आहे. मी खापर. खान्देशातल्या बायका चुलीवर पालथं घालून ज्याच्या पाठीवर हातभर रुंद पुरणपोळी भाजतात, ते मातीचं खापर. आत्ता मी ज्या घरात आहे तिथून पाचोरा इतकं लांब आहे, की इथं सकाळ होते तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते.

पहिलं आयुष्य मला धूसर आठवतं. मी गिरणेकाठचा गाळ होतो. वर पाणी, पाण्यावर ऊन, आणि मधूनच म्हशी उतरल्याचा धपधप आवाज. त्या अवस्थेत काही बनायची घाई नसते. मग पाचोऱ्याच्या निंबाआबांनी मला पाटीत भरून घरी आणलं, राख आणि लीद मिसळून पायांनी तुडवलं, चाकावर चढवलं आणि थापीने हलके हलके ठोकत पोट फुगवलं. आव्यात भाजून निघालो तेव्हा आबांनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं. मी टणत्कार दिला. मला इतरांपासून वेगळं काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं.

आबांची सून दिपमाला. घरातली भांडी मोबाइलवरून विकायची कल्पना तिची. ओट्यावर उन्हाची तिरीप आली की ती आमचे फोटो काढायची. आधी पुण्या-नाशिकची गिऱ्हाइकं आली. एके दिवशी ती अंगणातून धावत आली आणि आबांना म्हणाली की कॅनडातून कोणीतरी खापर मागवलंय.

पुनम नावाची बाई होती. मूळची दोंडाईच्याची, आता नवऱ्याबरोबर विनिपेग नावाच्या शहरात राहणारी. बाळ झालं म्हणून सासूबाई, वच्छलाबाई, तिकडे गेल्या होत्या. गावाकडे लग्नाकार्यात मांडे, म्हणजे खापरावरच्या या पातळ पुरणपोळ्या, करायला त्यांनाच बोलावणं यायचं. पुनमने लिहिलं होतं की आईंना तिकडे करमत नाही, त्यांच्यासाठी खापर हवंय.

दिपमालाने मला पेंढ्यात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, आणि पाठवणीचा सगळ्यात साधा प्रकार निवडला. त्या प्रकारात घेणाऱ्याला दाराशी वेगळे पैसे द्यावे लागतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि पुनमलाही माहीत नव्हतं.

खोक्यातला प्रवास म्हणजे एक लांबलचक झोप. विमानाच्या पोटात इतकी थंडी, की मला पुन्हा पाण्याखाली असल्यासारखं वाटलं. माझ्या शेजारी कुठल्या कुठल्या देशांची खोकी होती. एकातून चहाचा वास यायचा, एकातून ओल्या लोकरीचा. अंधारात आम्ही सगळे गुपचूप हलत होतो, नदीच्या तळाशी गोटे सरकतात तसे.

जाग आली ती दारावरच्या घंटीने. दार उघडलं आणि आतून तुपाचा, बाळाच्या पावडरीचा वास आला. मला आणणारा माणूस इथल्या भाषेत काही सांगत होता. त्याच्या हातातलं यंत्र टुकटुक वाजत होतं. दारात उभ्या बाईने पुढे होऊन माझ्या खोक्यावर तळहात ठेवला. पुठ्ठ्यातून, पेंढ्यातून ती ऊब माझ्यापर्यंत पोचली. आत कोण आहे हे त्या हाताला कळलं होतं. हात बराच वेळ तसाच राहिला.

मग तो माणूस पुन्हा काही बोलला, पैसे अशी खूण त्याने केली असावी, आणि हात उचलला गेला.

"नको, भाऊ. लई जाय," ती बाई म्हणाली. घेऊन जा, असं सांगत होती.

दार लागलं. मी पुन्हा गाडीत. वच्छलाबाई त्या दिवशी बाळापाशी एकट्याच घरी होत्या, हे मला पुढे कळलं.

परतीची झोप गोड नव्हती. मी स्वप्नात सारखा त्या तळहाताच्या दिशेने जायचो आणि दार बंद व्हायचं.

पाचोऱ्याला ओट्यावर आबांनी खोकं उघडलं. इतक्या लांबून परत आलेलं भांडं शाबूत असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. आबांनी मला वाजवलं.

"वाजस. आखो जित्तं शे," ते म्हणाले. अजून जिवंत आहे, म्हणजे कुठे तडा नाही.

दिपमाला मात्र रडवेली झाली होती. मला परत आणायचा खर्च तिच्याच माथी आला होता, त्यात पुनमने दुकानाच्या पानावर लिहून टाकलं होतं की पैसे घेतले आणि सामान आलंच नाही. ते वाचून दुसऱ्या दोघांनी मागवलेली भांडी रद्द केली. कुरिअरवाले म्हणत होते, शुल्काचे पैसे मागितले आणि दारातच नाकारलं. पुनम म्हणत होती, आमच्या घरी कोणी नाकारलं नाही, आम्ही तर डोळे लावून बसलोय. दोघांचंही खरं होतं. दाराशी काय झालं ते त्या ओट्यावर मला एकट्याला ठाऊक होतं, पण मला तेव्हा कोण विचारणार?

शेवटी दिपमालाने पुनमला फोनच लावला. फोन ओट्यावर, माझ्याशेजारीच होता. सुरुवातीला पुनम तोडून बोलली. मग दिपमालाने विचारलं की सासूबाई कशा आहेत, तेव्हा तिचा आवाज उतरला. आई हल्ली धड जेवत नाहीत, दिवसभर खिडकीशी बसून बर्फ बघतात, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत मला घरी पाठवा म्हणून मागे लागल्या आहेत. काही दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात. नवऱ्याला, किरणला, वाटतं की सासू-सुनेचंच काहीतरी बिनसलं.

दिपमाला म्हणाली, "ताई, तेच खापर पुन्हा पाठवते. या खेपेला तुमच्या दाराशी कोणी काही मागणार नाही, एवढं मी बघते."

फोन ठेवल्यावर आबांनी चाकावरची माती पुसली. मग म्हणाले, "माती मी मळस, आग मी देस. पन दाराशी काय व्हस, ते मना हातमा नही."

ते बोलणं दिपमालाच्या मनात रुतलं असावं. दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन ती एसटीने जळगावला गेली. तिथे परदेशी माल पाठवणारे गिरधरभाऊ होते, शांत, चहा पुढे सरकवून बोलणारे. तिने सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं की दाराशी काहीच द्यावं लागू नये, अशी काही सोय असते का.

गिरधरभाऊंनी समजावून सांगितलं की असते. तिकडच्या सरकारचं आयात शुल्क, तिकडचा कर, कुरिअरचा हाताळणीचा खर्च, हे सगळं पाठवणाऱ्याने इथूनच भरायचं. गिऱ्हाइकाला आधीच एक पूर्ण किंमत सांगायची. त्यात सगळं आलं. मग दारात फक्त खोकं जातं.

"किंमत मोठी दिसेल, हे खरं," ते म्हणाले. "काही लोक ती बघूनच मागे फिरतील. पण जो घेईल, त्याला दारात धक्का बसणार नाही."

दिपमालाने विचारलं की किंमत थोडी कमी दाखवून शुल्क वाचवता येईल का. गिरधरभाऊंनी नकारार्थी मान हलवली. जे आहे ते लिहायचं, नाहीतर माल तिकडे अडकतो आणि मग कोणाच्याच हातात राहत नाही. नुसतं 'माती' असंही लिहू नका म्हणाले, माती देशात घ्यायला ते लोक बिचकतात. भाजलेल्या मातीचं स्वयंपाकाचं भांडं, असं पूर्ण लिहा. आणि माझ्याभोवतीचा पेंढा बघून ते हसले. हे पहिल्या खेपेला सुटलं कसं कोण जाणे, गवताची काडी तिकडे चालत नाही. पेंढा निघाला, कागदाच्या घड्या आल्या. गावाचा शेवटचा वास अंगावरून गेला तसा मला जरा उघडं पडल्यासारखं झालं.

दिपमालाने तिथूनच पुनमला पूर्ण किंमत कळवली. पुनमचं उत्तर लगेच आलं, की चालेल, फक्त आखाजीच्या आत पोचू दे.

या वेळी मी झोपलो तो थेट पाण्यात. गिरणेचा गाळ मला पोटाशी धरून होता, वरून म्हशी उतरत होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ एक हात पाण्यात येऊन तळ चाचपत होता. सीमेवर माझं खोकं कुठेतरी थांबलं, कोणीतरी कागद वाचला, शिक्का उमटवल्यासारखा आवाज झाला, आणि मी पुढे सरकलो. जाग आली तेव्हा बाहेर बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होतं.

घंटी वाजली. तोच तुपाचा वास. वच्छलाबाईच होत्या. माणसाने खोकं उंबऱ्यात ठेवलं, एक फोटो काढला आणि तो वळला. बाईंनी त्याला मागून हाक मारली.

"पैसा?"

बोटं चोळून त्यांनी खूण केली असणार. तो माणूस हसून काहीतरी म्हणाला आणि त्याची पावलं चिखलातून दूर गेली. वच्छलाबाई उघड्या दारात तशाच उभ्या राहिल्या. गार वारा आत जात होता, बाळ कुरकुरलं, तेव्हा त्यांनी मला उचललं. पदराने खोक्यावरचं पाणी पुसलं. उघडलं मात्र नाही. पुनम कामावरून येईपर्यंत त्या मला मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

पुनम आली, खोकं पाहून आनंदली, आणि मग सासूचा चेहरा पाहून तिथेच थांबली.

"पुनम, मांगला टाईमले हाई मीच परत धाडं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तो पैसा मांगे. तुम्हीन दोन्ही इतलं राबतस. मनाकरता आखो कसाले खर्च?"

पुनम चपलांसकट त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, म्हणून तुम्हाले घर जावानं व्हतं?"

"आठे माले काय काम शे, माय? बठ्ठं मशीन करस."

इथे आपल्याला काहीच काम उरलं नाही, सगळं मशीनच करतं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मग पुनमने स्वयंपाकघरातून सुरी आणली, माझ्यावरची पट्टी कापली, कागदाच्या घड्या बाजूला केल्या आणि मला उचलून सासूच्या हातात दिलं.

"हाई मशीनले जमत नही," ती म्हणाली.

वच्छलाबाईंनी मला वाजवून बघितलं. खरं सांगतो, आव्यातून निघालो तेव्हाही मी इतका खणखणीत वाजलो नव्हतो.

आखाजीला किरणने गराजचं दार वर करून गॅसची मोठी शेगडी मांडली. इथल्या पिठाचा स्वभाव वेगळा. पहिली पोळी वच्छलाबाईंच्या कोपरावरच फाटली. दुसरी माझ्या पाठीवर येईपर्यंत टिकली आणि तिथे भोक पडून पुरण बाहेर आलं. त्यांनी पिठाला आणखी पाणी लावलं, तेल लावलं, आपटून आपटून त्याला वळण लावलं. तिसरी पोळी दोन्ही हातांवर नाचत नाचत रुमालासारखी पसरली आणि माझ्यावर उतरली. मला सगळीकडून झाकलं गेलं. किरणने ती उभ्या उभ्या, डब्यातल्या आमरसात बुडवून खाल्ली. आणखी एक हवी म्हणून त्याने नुसतं ताट पुढे केलं, आणि वच्छलाबाई त्याच्याकडे न बघता पुढचा गोळा हातात घेऊन हसल्या.

त्या मग गावी जायचं म्हणाल्या नाहीत. व्हिसा होता तोवर राहिल्या. दर रविवारी गराजमध्ये शेजारपाजारची माणसं जमायची, त्यातल्या एका पंजाबी बाईला तर पोळी फेकण्याचा नादच लागला. निघताना वच्छलाबाईंनी मला चिंचेने घासून, पुसून, कापडात बांधून फळीवर ठेवलं.

आता मी काळा पडलोय. कडेला केसासारखी एक चीर दिसायला लागली आहे. दिपमालाचा फोन अधूनमधून पुनमला येतो. तिने आता सगळ्याच परदेशी गिऱ्हाइकांना अशीच पूर्ण किंमत सांगायला सुरुवात केली आहे. मोठी रक्कम पाहून काही जण मागे फिरतात. जे घेतात, ते पुन्हा येतात, असं ती म्हणते.

मी मातीचा आहे, कधीतरी तडकेन. त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच मागतो, की कोणाच्या दाराशी काही पाठवाल तर त्याचं ओझं आधीच आपल्या खांद्यावर घेऊन पाठवा. दार उघडणारं माणूस कोण असेल आणि त्याच्या मनात काय चाललं असेल, हे तुम्हाला लांबून कळत नाही.

आज रविवार आहे. पुनमने शेगडी पेटवली आहे. तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये दोंडाईच्याचं अंगण दिसतंय, आणि अंगणात वच्छलाबाई. पुनमच्या हातावर पोळी पसरत चालली आहे. पुनम दम धरून ती माझ्यावर टाकते. पोळी फाटत नाही. कडेने बुडबुडे येतात, वास सुटतो, आणि उलटायच्या नेमक्या वेळी फोनमधून वच्छलाबाईंचा हळू आवाज येतो.

"आते उलटाव."