उन्हात बसवलेला राजा

शेजारची राज्ये जिंकल्यापासून त्या राजाचे पाय जमिनीला लागेनासे झाले होते. देवळातली दगडी मूर्ती त्याने कोठारात टाकायला लावली आणि गाभाऱ्यात स्वतः जाऊन बसला. नैवेद्य मात्र आवडीने खाई. पुजाऱ्याने ब्र काढला नाही. त्याला आपले डोके प्यारे होते. राजाची आई तेवढी म्हणाली, की हे तुझ्या अंगलट येईल. त्याने तिला राजवाड्याबाहेर काढले.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. त्या नगराची रीत सरळ होती. देव ऐकत नसेल, तर त्याला उचलून अंगणातल्या चौथऱ्यावर, भर उन्हात बसवायचे. पाऊस पडेपर्यंत सावली नाही, पाणी नाही. त्यालाही कळू दे. देव होताना राजाने मानपान तेवढा पाहिला होता, ही रीत त्याच्या ध्यानातच आली नव्हती. पुजाऱ्याने हात जोडून, अगदी अदबीने त्याला बाहेर यायची विनंती केली. नाही म्हणावे तर देवपण जाते. राजा ऐटीत चौथऱ्यावर जाऊन बसला.

दुपारपर्यंत ऐट उतरली, ओठ फुटले. घरात उरलेले पाणी तांब्यात घेऊन आई पायरीशी आली, पण पुजारी तिला पुढे जाऊ देईना. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"देवाला पाणी चालत नाही म्हणतात," ती म्हणाली. "माझ्या मुलाला चालेल. तू कोण आहेस ते एकदा सांग, बाळा."

राजाने तोंड फिरवले. अंगण माणसांनी भरले होते. ऊन कलायच्या आत तो एका कुशीवर कोसळला.

"आई," तो म्हणाला, "मी मरेन गं."

हे सगळ्यांनी ऐकले आणि इतक्या दिवसांची भीती तिथेच संपली. पुजारी बाजूला झाला. सेनापतीने राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढून घेतला आणि शांतपणे सांगितले, की देवाची जागा लाटणारा माणूस आम्हाला गादीवर नको. लोक कोठारातून मूर्ती आणायला गेले. देवाने न्याय केला, असे जो तो म्हणत होता. मलाही तसेच वाटते. फक्त त्यासाठी त्याला स्वतः काही करावे लागले नाही.

आईने मुलाचे डोके मांडीवर घेतले आणि तांब्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला. मग मध्येच थांबला.

"तू प्यायलीस का?" त्याने विचारले.

जन्मात पहिल्यांदाच त्याने तिला असे काही विचारले होते. ती रडू लागली.