हरेशच्या बापसाचं नाव

पाडव्याच्या दिवशी सगळे निर्बंध उठले आणि बोनकोड्यात दिवाळी झाली. दोन वर्षं तोंडं बांधून फिरलेली माणसं गुढ्यांखाली उभी राहून एकमेकांचे दात बघत होती. कुणाचा पडला होता, कुणी नवा बसवून घेतला होता. गोजराच्या मुलाला, हरेशला, श्रीखंडाचा डबा उघडायलाही सवड नव्हती. त्याने सकाळपासून फोन फिरवायला घेतले होते. मंडपवाला झाला, आचारी झाला, डीजेवाला झाला. "आता कोन आडवतंय तेच बगतो," असं तो प्रत्येकाला ऐकवत होता.

गोजरानेही हात जोडले, "देव पावला" म्हणाली, मागच्या पडवीत गेली आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून रडली. आनंदाचं रडू असतं तर तिने पुढच्या दारात बसून, चारचौघींना दिसेल असं रडून घेतलं असतं. तेवढी हौस तिला होतीच. पण हे रडू वेगळं होतं. निर्बंध उठले म्हणून वाईट वाटणारी बाई अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल आणि ती आपण आहोत, याची तिला इतकी लाज वाटली की तिने नळ सोडून तोंड खसखसून धुतलं.

गोजरा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायच्या आधी धवले गायला जी बाई लागते, ती. देवांना, गावाला आणि गेलेल्या पितरांना ती गाण्यातून मांडवात बोलावते. गोजराने हे मावशीकडून उचललं होतं आणि मावशीची रीत मोठी कडक होती. आधी देवांची ओळ. मग जित्यांची ओळ. त्यात एकेकाचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. ज्याचं नाव, त्याने "आलो गो" म्हणायचं. तो हजर नसला तर त्याच्या घरच्या कुणीतरी "वाटेला लागलाय" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, मग कोंबडं आरवलं तरी चालेल. शेवटी गेलेल्यांची ओळ. तिथे मात्र कुणी उत्तर द्यायचं नाही. नाव स्पष्ट घ्यायचं, चिमूटभर तांदूळ खांबाशी टाकायचे आणि पुढे जायचं.

ही रीत डीजेपुढे टिकली नाही हे वेगळं सांगायला नको. खाडीकाठची शेतं गेली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि गावच्या हळदीत माणसाच्या उंचीचे भोंगे आले. गोजराला बोलवायचे, नाही असं नाही. साडी द्यायचे, नारळ द्यायचे, आणि वर म्हणायचे, "काकी, दोनच ओली बोल हां, साऊंड लावायचाय." पंचवीस वर्षं तिने दोनच ओळी म्हटल्या. उरलेल्या घरी पीठ मळताना म्हणायची.

मग तो रोग आला. लग्नाला पन्नास माणसं, पुढे पंचवीस. डीजे बंद, बँजो बंद, वरात बंद. हळदीच्या संध्याकाळी नुसती माणसं एकमेकांकडे बघत बसू लागली तेव्हा गावाला आठवलं, की अरे, आपल्यात एक म्हातारी आहे. दोन वर्षांत गोजराने सतरा हळदी गायल्या. मास्क हनुवटीवर ओढायची आणि सुरू व्हायची. पंचवीस माणसं, पंचवीस नावं, पंचवीस उत्तरं. पोरंसोरंसुद्धा आपलं नाव कधी येतं म्हणून कान देऊन बसायची. "ऐकतील नाय तर काय करतील? दुसरा धंदाच नाय त्यांना," असं ती हसत म्हणायची, पण घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नसत.

आणि याच दोन वर्षांनी तिचा नवरा नेला.

दुसऱ्या लाटेत गेला. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी राहिली तेव्हा आपल्या पायांनी चालत गेला, वळून म्हणाला, "कोंबड्या झाक," आणि आत बसला. लोक खिडक्यांच्या जाळ्यांमागे उभे होते. त्याचा जिवाभावाचा सोबती नामदेव, ज्याच्याबरोबर त्याने उभा जन्म खाडीत जाळी टाकली, तो गच्चीवरून हात वर करून उभा होता. खाली यायची कुणाची छाती झाली नाही आणि येऊही दिलं नसतं. अकरा दिवसांनी हरेश आणि पांढऱ्या पोशाखातली तीन अनोळखी माणसं, अशा चौघांनी त्याला पोचवलं. गावातल्या प्रत्येक मयताला खांदा द्यायला जो पहिला पुढे व्हायचा, त्याच्या दहाव्याला पाच जण होते. गोजराने त्याचं तोंडही पाहिलं नाही.

तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा गायला बसली. कुणी कुजबुजलं, की विधवेने कसं गावं? ती म्हणाली, "माजी मावशी काय सवाशीन होती? तुमच्या आयांची लग्ना तिनंच लावली." तेव्हापासून त्या दोन वर्षांना शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, हे काही तिला ठरवता आलं नव्हतं.

खरी अडचण पुढेच होती. लग्न होतं नातीचं, हरेशच्या मनस्वीचं. मनस्वी ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला होती. दोन वर्षं आजीच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिस करत होती. मागे आजी लसूण सोलत गुणगुणायची, त्यामुळे पडद्यावरच्या तिच्या मैत्रिणींना अर्धे धवले पाठ झाले होते. आजोबा गेल्यानंतर तिचं लग्न दोनदा ठरलं आणि हरेशने दोनदा पुढे ढकललं. गोजरा दोन्ही वेळा म्हणाली होती, की पंचवीस माणसांत उरकून घे. पण का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

सांगणार तरी काय? गेलेल्यांच्या ओळीत नाव घ्यावं लागतं. सतरा हळदींत तिने दुसऱ्यांच्या घरची गेलेली माणसं बोलावली होती, आता पहिल्यांदाच स्वतःच्या घरची बोलवायची होती. आणि पन्नास वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मूल होईपर्यंत "आवो, ऐकला का," आणि मूल झाल्यावर "हरेशचा बापूस." रेशनकार्डावरचं नाव विचारलं तर शेजारणीला सांगायला लावायची. आता ते नाव मांडवात, सर्वांसमक्ष, मोठ्याने घ्यायचं होतं. न घ्यावं तर तो नातीच्या लग्नाला यायचा कसा? तिला थोडी माणसं हवी होती, आणि तीही ओळखीची. आवाज फुटला तर सांभाळून घेणारी. दोन हजारांच्या गर्दीत, डीजेच्या तोंडी, हे तिला जमणार नव्हतं.

अखेर एका दुपारी हरेश जेवायला बसला तेव्हा तिने धीर केला. "हरेश, डीजे नको करू र."

हरेशने घास परत ताटात ठेवला. "आय, दोनदा लगीन मी कनाला पुढं ढकलला?"

"नाचायला. दुसरा कनाला?"

"नाय." तो ताटाकडे बघत म्हणाला. "बाबाला चौघांनी नेला. त्यातल्या तिघांची तोंडा मी अजून बगली नाय. बाबाच्या दहाव्याला खुर्च्या मांडल्या नि मीच उचलल्या. मना मानसा पायजेत, आय. बाबाच्या अंगनात मानसा जेवली पायजेत, नाचली पायजेत, पार रस्त्यापरत."

गोजराला वाटत होतं पोराला मिरवायचंय. पोराच्या पोटात हे होतं. ती उठली, त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "मंग मना धा मिनटा दे."

"पंधरा घे," हरेश म्हणाला.

त्या दिवसापासून ती मोरीत नळ सोडून नाव घ्यायची सवय करू लागली. ओठ हलायचे, आवाज काही निघायचा नाही.

मे महिन्यात हळदीची संध्याकाळ आली. घरासमोरच्या मैदानात मांडव पडला, दोन्ही अंगांना भोंग्यांच्या भिंती चढल्या. ऐरोलीच्या मैत्रिणी पिवळे कुर्ते घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काठी टेकत नामदेव आला. गळाभेटींचा नुसता धुमाकूळ होता. दोन वर्षं ज्यांनी हातात हातही दिला नव्हता ते एकमेकांच्या पाठी बडवत होते. कुणी मध्येच शिंकलं की आजूबाजूचे चार जण अजूनही दचकत होते, आणि मग हसत होते. गोजराला बरं वाटलं, भीतीही वाटली, आणि सारखं वाटत राहिलं की हे बघायला तो पाहिजे होता.

डीजेवाल्या मितेशने तिच्या हातात माईक दिला. "आजी, तोंडाजवल धर. काय चुकला तर टेन्शन नको, मी वरून म्युझिक टाकून झाकीन."

"तू तुजी बटना झाक," गोजरा म्हणाली आणि सुरू झाली.

देव आले. गर्दी आपल्याच नादात होती. मग जित्यांची ओळ लागली. पहिलं नाव घेऊन ती थांबली. आता कोण उत्तर देतंय, असं मनात म्हणते तोच पार मागून, जेवणाच्या टेबलांकडून आवाज आला, "आलो गो!" दुसरं नाव. "आलो गो!" तिसऱ्याला बायकांमधून, "वाटेला लागलाय, पनवेलला आडकलाय." हशा पिकला. ती सतरा हळदींची घरं मांडवात जागोजाग बसली होती आणि त्यांना रीत पाठ झाली होती. बघता बघता लोक गप्प होऊन आपल्या नावाची वाट बघू लागले. गोजराचा जीव भांड्यात पडला, गळा मोकळा झाला, आणि नावं घडाघड येऊ लागली. आळी झाली, भावकी झाली, आपलं घर आलं, आणि पन्नास वर्षांची जीभ आपल्या वळणाने गेली.

"हरेशच्या बापसा, मांडवी येवा हो..."

आणि ती थांबली. रीतीप्रमाणे उत्तरासाठी थांबली.

मग तिला कळलं. गेलेल्या माणसाला तिने जित्यांच्या ओळीत हाक मारली होती. असं चुकणं तिच्या मावशीच्या हातून सोडाच, तिच्याही हातून कधी झालं नव्हतं. आणि आता उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मितेशचा हात बटणाकडे गेला. हरेशने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो हात मागे आला. पाटावर बसलेल्या मनस्वीने तोंडावर पिवळा हात धरला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नामदेव काठीवर भार देऊन उभा राहत होता.

"आलाय गो," तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा, पण खाडीवर हाका मारायची सवय असलेला. "आमच्याबरोबरच आलाय. त्या दिशी आमाला खाली उतरू दिला नाय, त्याला पोचवायला. म्हनून आज त्याला संगती घेऊन आलो."

"आलाय गो," त्याच्या मागचा कुणी म्हणाला आणि उभा राहिला. मग बायकांकडून, "आलाय गो." त्या दिवशी खिडक्यांच्या जाळ्यांमागे उभी राहिलेली ती सगळी माणसं होती. आता एकेक रांग उठत गेली, मागे, आणखी मागे, पार रस्त्यापर्यंत. हरेश आचाऱ्याच्या टेबलाशी उभा राहून कागदी रुमालांचा गठ्ठा संपवत होता. आपल्याला थोडी माणसं हवी होती, हे आठवून गोजराला स्वतःचंच नवल वाटलं. एवढी होती म्हणून तर तो आला.

"घे गो पुढचा नाव," नामदेव बसत म्हणाला. "पोरा भुकेली हायेत."

तिने उरलेली नावं घेतली. मग गेलेल्यांची ओळ लागली. आजेसासरा, सासरा, सासू. चिमूट चिमूट तांदूळ खांबाशी पडले. चौथी चिमूट हातात घेऊन तिने डोळे मिटले.

"कान्हा," ती म्हणाली.

पुटपुटलीच ती. पण माईक तोंडाशी होता आणि हरेशने भोंगे भारीतले लावले होते. ते नाव दोन्ही भिंतींतून दणक्यात निघालं आणि मैदानाबाहेर गेलं. या ओळीत उत्तर द्यायचं नसतं हे गावाला माहीत होतं.

ऐरोलीच्या मुलींना मात्र कुठली ओळ कुठली, काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की आजीने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, मनस्वीनेच कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "आजीने नाव घेतलं! आजीने नाव घेतलं!"

बायकांनी त्यांना गप्प करायला हात उचलले, पण त्यांचंच लक्ष गोजराकडे गेलं आणि हात तसेच राहिले. सत्तर वर्षांची गोजरा नव्या नवरीसारखी लाजली होती. पदर तोंडावर ओढून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आजी, पुन्हा एकदा!" एक मुलगी ओरडली.

आणि कुणी अडवायच्या आत गोजराने ते पुन्हा एकदा घेतलं.