आभाळ बांधणारं फडकं

दौलताबादच्या किल्ल्याखाली फकिराआण्णांच्या मळ्यात भर दुपारी निम्मं गाव गोळा झालं होतं. ऊन असं, की उघड्या डोक्यावर पापड भाजून निघावा. तरी कुणी सावलीला सरकत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका हातभर फडक्यावर खिळले होते.

फडकं होतं वारेबांधे महाराजांच्या हातात. महाराजांची भगवी लुंगी कडक इस्त्रीची होती, गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या. गारेगार गाडीतून उतरल्यापासून ते कपाळाचा घाम पुसत होते. साऱ्या मराठवाड्याचं आभाळ ताब्यात ठेवणाऱ्या या पुरुषाला स्वतःचा घाम काही आवरत नव्हता.

"हे कापड नाय, हे आभाळाचं कातडं हाय!" महाराज गरजले. "माझ्या गुरूनं ढगाच्या पोटात हात घालून काढलेलं! आता बघा, या घरच्या लग्नावर वरुणाची काय नजर हाय ती."

त्यांनी तांब्यातलं पाणी फडक्यावर शिंपडलं. निळसर फडकं बघता बघता गुलाबी झालं. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"कोपलाय! लई कोपलाय! लग्नाच्या दिवशी वादळ हाय, गारा हायेत. पण भिऊ नका, मी बांधतो." धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर फडकं धरून महाराज पुटपुटू लागले. पुटपुटणं वाढत गेलं आणि फडक्यावरचा गुलाबी रंग वितळून ते पुन्हा निळंशार झालं.

"बांधलं!"

टाळ्या, जयजयकार आणि साष्टांग नमस्कार एकदमच झाले. फकिराआण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं होतं. नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना उघड्या रानातलंच लग्न हवं होतं, फोटोंत मागं किल्ला दिसावा म्हणून. मुहूर्त संध्याकाळचा होता. आणि या दिवसांत संध्याकाळ झाली की रोज कुठं ना कुठं वळीव झोडपून काढत होता. आण्णांची झोप उडाली होती ती त्यामुळंच.

माजघराच्या दारात उभ्या अपेक्षाची मात्र झोपबीप काही उडाली नव्हती. ती चितेगावच्या एका औषध कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. गुलाबीचं निळं होताना तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की आता तिकडं लक्षही जात नसे. लॅबमधल्या नाजूक वजनकाट्याच्या काचपेटीत दमटपणा शोषणारे खडे ठेवलेले असत. कोरडे असले की निळे, ओल धरली की गुलाबी. भट्टीत तापवले की पुन्हा निळे. तिथं कुणी त्यांना नमस्कार घालत नसे.

महाराज मात्र रंग दाखवून थांबले नाहीत. जाता जाता त्यांनी अट घातली. "बंधन घातलंय, आता संशय नको. मांडव हलवायचा नाय, वेळ बदलायची नाय, वारा सुटला तरी माणूस उठवायचा नाय. ज्यानं आडोसा शोधला त्यानं बंधन तोडलं!"

गाडी गेल्यावर अपेक्षा म्हणाली, "आण्णा, ते रसायन हाय. ओलं झालं की गुलाबी होतं, वाळलं की निळं. त्यात आभाळाचा काय संबंध?"

"तुझं लॅबमधलं लॅबमधीच ठेव. हजारभर माणूस येणार हाय. एक गार पडली तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय मला."

आई मनकर्णाबाईनं तिला खुणेनंच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा बिडकीनला शालूकडं गेली. शालू तिच्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि बऱ्याच दिवसांत कामावर आली नव्हती. हात मोडलाय एवढंच कानावर आलं होतं. शालू अंगणात बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. तिचे वडील भिकन शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चुलत बहिणीचं लग्न होतं," शालू सांगू लागली. "वारेबांध्यानं आभाळ बांधलंवतं. संध्याकाळी काळंकुट्ट भरून आलं. मांडववाला म्हणला, माणसं शाळेत न्या. पण महाराजाचा हुकूम, कुणी उठायचं नाय. माझी पोरगी तापानं फणफणलेली. थेंब पडायला लागले तशी मी तिच्यावर छत्री धरली. तेवढ्यात वावटळ आली न् लोखंडी कमान खाली आली. पोरीला वाचवलं, हात गेला."

"आणि महाराज?"

"ते वारा सुटायच्या आधीच पळाले. मांडवावरचं फडकं गुलाबी व्हायला लागलंवतं ना, तवाच. मग दुसऱ्या दिवशी आले न् म्हणले, छत्री उघडली तिनं बंधन तोडलं. आमच्या बाबाला सगळ्या गावादेखत नाक घासायला लावलं."

भिकन पहिल्यांदा बोलले. "पोरीचा हात मोडला त्याचं नाय एवढं. पण लोक तिलाच पांढऱ्या पायाची म्हणत्यात."

अपेक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. आतापर्यंत तिला महाराजांची नुसती कीव येत होती. आता कळलं की हा माणूस कमानीखाली माणसं बसवून पळून जातो आणि वर त्याच माणसांना गुन्हेगार ठरवतो.

मांडवाच्या दिवशी महाराज फडकं मांडवावर चढवायला पुन्हा आले. या वेळी गर्दी दुप्पट होती. पाणी शिंपडून झालं, फडकं गुलाबी झालं, महाराज निखाऱ्याकडं वळणार तोच हळदीच्या साडीतली अपेक्षा पुढं आली.

"महाराज, आज हा रुमाल घ्या. कोरा हाय, धुतलेला हाय. यावर आभाळाचा राग दाखवा."

"आभाळ असं कुणाच्याबी रुमालात उतरत नाय, मुली."

"का? गुरूनं दिलेली ताकद तुमच्यात हाय का फडक्यात?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले. "फकिरा, पोरीला आवर!"

आण्णा काही बोलायच्या आत अपेक्षानं महाराजांच्या हातातून ओलं फडकं ओढून घेतलं आणि धुपाटण्यावर धरलं. मग खणखणीत आवाजात तिनं मंत्र सुरू केला.

"तूरडाळ, साबुदाणा, हळद, हिंग! शेंगदाणे, गूळ, चहापत्ती, खोबरेल तेल!"

किराणा संपेपर्यंत फडकं निळं झालं. एकदम निळंशार, महाराजांच्या मंत्रानं व्हायचं तसंच.

अपेक्षानं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. गुलाबी. पुन्हा निखाऱ्यावर. या वेळी तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तरीही निळं.

"याला कोबाल्ट क्लोराईड म्हणत्यात," ती म्हणाली. "त्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळवायचं, झालं आभाळाचं कातडं. ओल लागली की गुलाबी, कोरडं झालं की निळं. हवेतली ओलबी ते धरतं. म्हणून पाऊस जवळ आला की मांडवावर फडकं गुलाबी व्हायला लागतं, न् यांना पळून जायची वेळ कळते. तुमचं काय होतं, तुम्ही कमानीखालीच बसता. बिडकीनच्या शालूचा हात यांच्या हुकमानं मोडला, न् दोष तिच्या छत्रीला दिला यांनी."

महाराजांचा घाम आता कानशिलावरून ओघळत होता. सगळे उपाय संपल्यावर असली माणसं जे हत्यार काढतात तेच त्यांनी काढलं. "ती विटाळाची असंल! विचारा तिला! विटाळशीच्या हातानं शक्ती उलटी फिरली!"

फकिराआण्णा उठले. त्यांचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की पुढच्या रांगेलाच ऐकू आला.

"महाराज, माझ्या पोरीला भर मांडवात हे विचारायचं?"

"मी शाप देईन! लग्नात रक्त सांडंल!"

"द्या की," मनकर्णाबाई मागून म्हणाल्या. "पण त्याला पाणी शिंपडायला लागंल का आधी?"

लोक हसले. पोटं धरून हसले. देवाला भ्यायलेली माणसं हसू लागली की बुवाचं दुकान उठलंच म्हणायचं. महाराज गाडीकडं निघाले, ते लुंगी सावरत.

त्या दिवशी बापलेकीनं मिळून लग्नाचा बेत पुन्हा मांडला. नवरा मुलगा शिवम याला अपेक्षानं फोन केला. तो म्हणाला, "किल्ला सकाळीपण तिथंच असतो. फोटो तेव्हा काढू." लग्न सकाळी ऊन चढायच्या आत लावायचं ठरलं. जेवणं शेजारच्या गोकुळकाकांच्या पक्क्या बांधकामाच्या गोदामात ठेवली, मक्याची पोती हलवून. मांडवाची उंच कमान मांडववाल्याकडून उतरवून घेतली. आणि आण्णा स्वतः बिडकीनला जाऊन भिकन आणि शालूला लग्नाचं बोलावणं करून आले.

लग्न झालं. दुपारी किल्ल्यामागून ढग चढले, गडगडाट झाला, धुळीनं रस्ता दिसेनासा झाला. मंडळी गोदामात बसून श्रीखंड-पुरी खात होती. आणि तासाभरानं ढग निघून गेले. मळ्यावर एक थेंबही पडला नाही.

लगेच कुजबुज सुरू झाली. "बघा, महाराजानं राग धरला नाय. आभाळ बांधलंच शेवटी."

अपेक्षा उत्तर द्यायला उठत होती. पण आण्णाच बोलले, वाढप्याच्या हातातली बादली खाली ठेवायला लावून.

"नाय पडला, कारण नाय पडला. उद्या पडंल. आभाळ कुणाच्या बापाचा नोकर नाय. पडला असता, तर माझी माणसं पक्क्या छताखाली होती. त्या भोंदूचं ऐकलं असतं तर ती कमानीखाली असती. मी ऐकणार होतो. लाज वाटते मला." मग ते शालूकडं वळले. "पोरी, तुझ्या छत्रीनं काय बी तोडलं नाय. तू तुझी लेक वाचवली. हे मी तुमच्या गावात येऊन सांगणार हाय."

भिकन ताटात मान घालून बसले होते. त्यांनी डोळे पुसले आणि एक पुरी आणखी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात शालूनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. सोबत अपेक्षा गेली, आण्णाही गेले. महाराज सध्या गावोगाव दिसत नाहीत. पण असली माणसं नाव बदलून, फडक्याचा रंग बदलून परत येतात.

म्हणून सांगायचं एवढंच. लग्न उघड्यावर करायचं असेल तर हवामान खात्याचा इशारा वाचा, मांडवाचे दोर तपासा, वीज कडाडली की पक्क्या छताखाली जा, आणि त्यात लाज मानू नका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी ती वस्तू त्याच्या हातातून आपल्या हातात घ्या. मंत्र न म्हणता तेच करून बघा. तसंच झालं, तर तो चमत्कार नाही. आणि तो माणूस वस्तू हातात द्यायलाच तयार नसेल, तर उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं.