पाव फेरा

"रेइनो, तुम्ही आत्ता घरात असायला नको होतं," मी म्हणालो.

"माझं घर आहे," म्हातारा म्हणाला. "कॉफी घेणार?"

विकत घेण्याआधी घर तपासायला माणूस आला की विकणाऱ्याने बाहेर पडायचं, हा आमच्याकडचा रिवाज. दलाल बजावून सांगतात, सिनेमाला जा, बहिणीकडे जा, पण तोंड दाखवू नका. हा ऐंशीचा रेइनो लाहती मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आमची वाट बघत बसलेला.

मी डेल. डुलुथ शहराच्या टेकडीवरची जुनी घरं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि गुडघे त्याच्याही आधी गेले. घर घेणारी ब्रेना इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून थेट इथे आली होती. डोळे लालभडक, पण कुठल्या खिडकीला कसला पडदा लावायचा, हे बाईसाहेबांचं ठरून गेलेलं.

कॉफी ओतता ओतता रेइनोने मी न विचारताच सगळं सांगितलं. बायको आयली गेल्या हिवाळ्यापासून अडीच तासांवरच्या मिनियापोलिसला वृद्धाश्रमात. घर विकलं गेलं की त्यालाही तिच्या शेजारची खोली मिळणार होती. म्हणूनच तर विकणारा घरात नको असतो. त्याचं दुःख एकदा कानावर पडलं की मग डोळे नीट काम करत नाहीत.

आम्ही तळघरात उतरलो. मागची भिंत चिकणमातीच्या रेट्याने पोट सुटल्यासारखी आत आली होती. मधल्या तुळईखाली स्क्रू फिरवून उंच करता येणारे लोखंडी खांब रांगेने उभे होते. दुसऱ्या कुणी भिंतीपुढे खोकी रचली असती, वर रंग फासला असता. याने झाडलोट करून मोठा दिवा लावून ठेवला होता.

"हे बघ," तो खांबावर थाप मारत म्हणाला, "बर्फ वितळलं की दर वसंतात प्रत्येकाला पाव फेरा. जास्त द्यायचा नाही, दारं अडकतात. चाळीस वर्षं करतोय. आयली वरून सांगायची, बास आता, माझं दार लागतंय नीट."

ब्रेना हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे चांगलंच आहे ना, डेल?"

गुळमुळीत काहीतरी बोलून सुटावं असं फार वाटलं. थकलो होतो मी.

"नाही," मी म्हणालो. "भिंत अजून सरकतेय. खणून नवी बांधावी लागेल, आणि ते तुला परवडणार नाही."

"अरे, पण घर उभं आहे ना?" रेइनो म्हणाला.

"उभं आहे, कारण तुम्ही इथे होतात."

तो ब्रेनाकडे वळून घाईघाईने म्हणाला, "सोपं असतं गं. मी शिकवतो तुला. एका दुपारचं काम."

"आणि नंतर काही झालं तर? तुम्ही तर तिकडे असणार."

तिने त्याच्या बाहीला हात लावला, "माफ करा हं," म्हणाली आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी आवराआवर केली आणि मागच्या दाराशी बूट घालायला बसलो. स्वयंपाकघरात रेइनो फोनवर बोलत होता.

"नाही गं, आज नाही जमलं... पोरगी चांगली होती, तिचं काही नाही... छे, घराला काय धाड भरलीय? तपासायला आलेला माणूस म्हणाला, इतकं निगुतीने राखलेलं तळघर आपण आजवर पाहिलं नाही."

मी असलं काही म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. नाडी बांधून झाली तरी मी तसाच वाकून बसलो.

पलीकडून आयलीने काहीतरी विचारलं असावं.

"माझी वाट नको बघूस," तो म्हणाला. "तू जेवून घे."